दुसऱ्या भागात घर मोठं होतं

‘हेरा फेरी’च्या घरात पैसा कुणाकडेच नाही. घरमालक बाबूराव गणपतराव आपटे उधारीवाल्यांना तोंड चुकवतात, भाडेकरू बाबूरावांना चुकवतो, आणि त्यात नोकरीच्या आशेने तिसरा येऊन पडतो. २००० सालच्या मार्चअखेरीस आलेला हा सिनेमा इंदूरच्या रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर अशा मराठी वस्त्यांत आजही फराळाच्या ताटाबरोबर लागतो. तिथे आपटे हे आडनाव परकं नाही आणि हिंदीत मराठी कालवून बोलणारा तिरसट काका तर मुळीच नाही. २००६ मध्ये ‘फिर हेरा फेरी’ आला तेव्हा हेच तिघं बंगल्यात राहत होते. हसू येत होतं, पण ते ओळखीचं हसू. शेजाऱ्याला लॉटरी लागल्यावर तो कसा चालतो, कसा बोलतो हे बघण्याचं.

पहिल्या भागाच्या लेखनात नीरज व्होरा होते आणि दुसरा त्यांनीच दिग्दर्शित केला. बंगल्यात विनोद टिकणार नाही हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. एकवीस दिवसांत पैसे दुप्पट करून देणारी स्कीम आणून त्यांनी तिघांनाही पुन्हा कंगाल केलं आणि चाळीत नेऊन ठेवलं. म्हणून तो सिनेमा मध्यंतरापर्यंत तरी घट्ट उभा आहे. नंतर टोळ्या वाढतात, पाठलाग वाढतो आणि शेवट तर अर्ध्यावरच सोडून दिलेला. तरी रोग कुठे आहे हे ओळखणारा तो दुर्मीळ सिक्वेल. बाकीच्या बहुतेक मालिका उंबरठ्यावरच घसरतात. दुसऱ्या भागात घर मोठं होतं, आणि मोठ्या घरात माणसं एकमेकांवर आदळत नाहीत.

मराठीत ‘अडचण’ हा शब्द फार सोयीचा आहे. जागा कमी असली तरी अडचण, संकट आलं तरी अडचण. कौटुंबिक विनोदाला दोन्ही एकदम लागतात. १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ घ्या. जोडप्यांनाच जागा द्यायची ही मालकिणीची अट, आणि जागा पाहिजे चार सड्या पुरुषांना. मूळ कल्पना ‘बीवी और मकान’ची, म्हणजे १९६६ ची. पण इंदूरच्या भंवरकुआँ भागात कोचिंगसाठी आलेल्या पोरांनी ‘कमरा किराये से देना है’ची पाटी बघून फोन लावावा आणि पलीकडून पहिला प्रश्न ‘फॅमिली है क्या?’ असा यावा, इतकी ती अजून ताजी आहे. चार माणसं, दोन साड्या, एक खोटं. दार वाजलं की कोण कुठल्या खोलीत आणि कुठल्या वेषात आहे याचा हिशेब प्रेक्षकही मनात करत असतो. शेवटी साड्या उतरतात आणि खोटं पूर्ण खर्च होतं. आता दुसऱ्या भागात मालकिणीला काय सांगणार? तिला सगळंच माहीत आहे.

फार्स लिहिणारे एक तक्ता करतात. वर आडव्या ओळीत पात्रांची नावं, डावीकडे उभे प्रसंग, आणि प्रत्येक चौकोनात त्या प्रसंगाअखेर त्या पात्राला मुख्य खोटं माहीत आहे का, याची खूण. हसू येतं ते रिकाम्या चौकोनांमुळे. ज्याला माहीत आहे आणि ज्याला माहीत नाही, अशा दोघांना एका खोलीत कोंडलं की संवाद निम्मे आपोआप लिहिले जातात. चांगल्या लेखनात मध्यंतराला साधारण अर्धा तक्ता भरलेला असतो आणि शेवटच्या दहा मिनिटांत सगळेच चौकोन भरतात. सिक्वेल लिहायला बसणाऱ्याच्या हाती हा भरलेला तक्ता येतो. एकही जागा रिकामी नाही. मग ती रिकामी करण्याचे स्वस्त मार्ग निघतात: कुणाची स्मृती जाते, कुणाचा जुळा भाऊ उगवतो, कुणाचा पुनर्जन्म होतो. ‘हाऊसफुल ४’ तर सरळ सहाशे वर्षं मागे, १४१९ सालात गेला. ‘वेलकम बॅक’मध्ये उदय शेट्टीच्या वडिलांकडून आणखी एक बहीण निघाली, कारण २००७ च्या ‘वेलकम’चा सगळा डोलारा गुंडांच्या बहिणीला सभ्य घरातलं स्थळ शोधण्यावर होता आणि त्या बहिणीचं तर पहिल्याच भागात जमलं. वडीलही नाना पाटेकर आणि मुलगाही नाना पाटेकर. दोन नाना मिळूनही पहिल्यातल्या एका नानाचा दरारा जमत नाही.

आता ‘गोलमाल’ जरा जवळून बघू, कारण लकब आणि युक्ती यांतला फरक इतका स्वच्छ दुसरीकडे सापडत नाही. २००६ च्या पहिल्या ‘गोलमाल’मध्ये बंगल्यात एक आंधळं म्हातारं जोडपं आहे आणि ते परदेशातून येणाऱ्या नातवाची वाट बघतंय. चार उनाड पोरं तिथे घुसतात. नातू एक, पोरं चार. मग वाटणी अशी की नातवाचं शरीर लकीचं आणि आवाज गोपाळचा. लकी मुका. आंधळ्यांना आवाज लागतो, स्पर्श लागतो. मुक्याकडे स्पर्श आहे, आवाज नाही. म्हणजे आजीने गालावरून हात फिरवला की लकीने पुढे असायला हवं आणि त्याच क्षणी गोपाळने त्याच्या कानामागून बोलायला हवं. खोलीत दोघांनी एकमेकांपासून हातभर अंतरावर, पाय न वाजवता, सतत फिरत राहायचं. लकी मुका आहे हे इथे गमतीसाठी नाही, तो या यंत्राचा दात आहे. तो बोलता असता तर सिनेमाच उरला नसता.

‘गोलमाल रिटर्न्स’मध्ये आंधळं जोडपं नाही. लकी मात्र मुकाच, आता गोपाळचा मेहुणा म्हणून घरात. त्याच्या मुकेपणाला काही काम उरलेलं नाही, फक्त तोंडातून निघणारे आवाज उरलेत. पहिल्या भागात जी युक्ती होती तिची दुसऱ्यात लकब झाली, आणि लकबीवर पहिल्यांदा जितकं हसू येतं त्याच्या निम्मं दुसऱ्यांदा येतं. हे लेखकाला कळत नाही असं नाही. पण निर्मात्याला पोस्टरवर ओळखीची लकब हवी असते, नव्या युक्तीचं पोस्टर होत नाही. लक्ष्मणच्या भूमिकेत शर्मन जोशीऐवजी श्रेयस तळपदे आला, तेही लोकांनी चालवून घेतलं. नट बदललेला चालतो, पण लकबीमागचं कारण गेलेलं चालत नाही, असं माझं मत.

पात्रांची संख्या हा दुसरा रोग, आणि तो साध्या गणितात मांडता येतो. चार मुख्य पात्रं असली तर त्यांच्या जोड्या सहा होतात. बारा पात्रं असली तर सहासष्ट. अडीच तासांच्या सिनेमातून गाण्यांची वीस मिनिटं वजा केली तर एकशे तीस उरतात. चार पात्रांत प्रत्येक जोडीला एकवीस-बावीस मिनिटं मिळतात. भांडायला, खोटं बोलायला, पकडलं जायला भरपूर. बारा पात्रांत प्रत्येक जोडीला दोन मिनिटंसुद्धा येत नाहीत. म्हणून मालिका वाढते तशी पात्रं एकमेकांशी बोलेनाशी होतात, सगळी मिळून प्रेक्षकांकडे तोंड करून बोलतात.

त्याचं आणखी एक कारण शूटिंगच्या वहीत सापडतं. या धंद्यात ‘कॉम्बिनेशन डेट्स’ असा शब्द आहे: दोन किंवा अधिक कलाकार एकाच दिवशी सेटवर मिळण्याच्या तारखा. पहिल्या भागात कलाकार कमी आणि तुलनेने मोकळे असतात, तेव्हा सगळे एका खोलीत, एका लांब शॉटमध्ये उभे करता येतात. मागचा डोळे फिरवतोय, पुढचा थाप मारतोय, कोपऱ्यातला निसटायच्या बेतात, हे एकाच चौकटीत दिसतं आणि कुणाकडे बघायचं हे प्रेक्षक ठरवतो. दुसऱ्या-तिसऱ्या भागात डझनभर नावं असतात आणि त्यांच्या तारखा जुळत नाहीत. मग एकाचा क्लोज-अप मंगळवारी, त्याला उत्तर देणाऱ्याचा पुढच्या महिन्यात, मध्ये पाठमोरा डुप्लिकेट. हे पडद्यावर ओळखायचं कसं? बोलणाऱ्याची नजर आणि ऐकणाऱ्याचा चेहरा यांची उंची जुळते का ते बघा. आणि ज्या एका दिवशी सगळे मिळाले त्या दिवशी काय केलं तेही बघा: सगळ्यांना एका ओळीत उभं केलेलं असतं, शाळेच्या गॅदरिंगच्या फोटोसारखं. ओळीत उभी असलेली माणसं एकमेकांपासून काही लपवू शकत नाहीत. मग कमी पडलेलं हसू पार्श्वसंगीतातल्या ‘टॉइंग’ आवाजाने भरून काढतात.

आकडा वाढवण्याचा मोह तर विचारू नका. ‘धमाल’मध्ये (२००७) गोव्यात पुरलेले दहा कोटी होते. मूळ अमेरिकी सिनेमा १९६३ चा, त्यात साडेतीन लाख डॉलर. ‘टोटल धमाल’मध्ये (२०१९) रक्कम पन्नास कोटी झाली, आणि ठिकाण म्हणजे आख्खं प्राणिसंग्रहालय. पाच पटींनी हसायला आलं का? दहा कोटी आणि पन्नास कोटी हे मध्यमवर्गीय प्रेक्षकाला सारखेच आकडे आहेत, दोन्ही त्याने पाहिलेले नाहीत. थकलेल्या तीन महिन्यांच्या भाड्याचा आकडा मात्र त्याला पैशापर्यंत समजतो.

मराठीत ‘दे धक्का’चं उदाहरण मला जास्त लागतं, कारण पहिला भाग मनापासून आवडतो. २००८ चा सिनेमा, कल्पना ‘लिटल मिस सनशाइन’ या अमेरिकी चित्रपटावरून घेतलेली: मुलीच्या नाचाच्या स्पर्धेसाठी सगळं घर एका खटारा गाडीतून मुंबईला निघतं आणि गाडी ढकलल्याशिवाय सुरू होत नाही. ज्याने कधी बॅटरी उतरलेली गाडी धक्क्यावर काढली आहे त्याला यातलं कसब कळेल. चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून ठेवायचा. मागच्यांनी एका दमात ढकलायचं, गाडीने पळत्या माणसाचा वेग घेतला की क्लच झटक्यात सोडायचा. इंजिन दोनदा खोकतं आणि धरतं. ढकलणारे आधी थकले तर नाही धरत. पहिल्या गिअरमध्ये काढायला गेलं तर गाडी गचका खाऊन जागच्या जागी थांबते. आणि एकदा सुरू झाली की थांबवायची नाही, म्हणून ढकलणाऱ्यांनी पळत पळत एकेक करून आत उडी मारायची. आता हे घर बघा: कुणाचं कुणाशी पटत नाही, पण दर थांब्यानंतर सगळ्यांना गाडीमागे एका रांगेत, खांद्याला खांदा लावून उभं राहावंच लागतं. दिग्दर्शकाला ‘कुटुंब एकत्र आलं’ हे संवादातून सांगण्याची गरजच पडत नाही. बिघडलेली गाडीच ते काम करते.

२०२२ च्या ‘दे धक्का २’मध्ये हे घर लंडनला गेलं. लंडनमध्ये ढकलायला काय आहे? गाडी धड असली की बसणारे आपापल्या खिडकीतून बाहेर बघतात. परदेश हा कौटुंबिक सिक्वेलचा ठरलेला पत्ता आहे आणि त्यामागे सरळ हिशेब असतो. नवी जागा दाखवली की ट्रेलर नवा दिसतो, गोष्ट जुनी असली तरी. ‘अतिथि तुम कब जाओगे’तला पाहुणा मुंबईच्या फ्लॅटमध्ये असह्य होतो, कारण बाथरूमवरून भांडण होतं. त्याच दिग्दर्शकाने पुढे पाहुणे थेट लंडनला नेले, ‘गेस्ट इन लंडन’ म्हणून, आणि पाहुण्याचा जाच तिथल्या देखाव्यात विरून गेला. ‘हाऊसफुल ५’ तर क्रूझवर.

वाहनाचीच गोष्ट निघाली म्हणून ‘नवरा माझा नवसाचा’. पहिल्यात एसटी आहे. एसटी हे विनोदासाठी बनवलेलं वाहन आहे: एकच डबा, एकच दार, सगळे प्रवासी एकमेकांना दिसतात, हात दाखवला की गाडी थांबते, म्हणजे लेखकाला हवं तेव्हा नवं पात्र आत घेता येतं आणि नको ते उतरवता येतं. वर कंडक्टर अशोक सराफ. सुमारे वीस वर्षांनी, २०२४ च्या दुसऱ्या भागात कोकण रेल्वे आली आणि सराफ टीसी झाले. रेल्वे लेखकाच्या सोयीने थांबत नाही, आणि माणूस लपवायचा तर दुसरा डबा असतोच. म्हणजे अडचणच गेली. सिनेमा लोकांनी पाहिला, थिएटरं भरली, ते वेगळं. पहिल्याची पकड दुसऱ्यात नाही.

‘झपाटलेला २’बद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. तात्या विंचूची बाहुली तीच, रामदास पाध्यांची करामत तीच, वर थ्रीडीची भर. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्ये गेले होते. बाहुली जिवंत झाली हे ज्याच्या तोंडून कुणाला पटत नव्हतं, तो घाबरट, घामेजलेला चेहराच नाही म्हटल्यावर बाहुली काय करणार.

मग जमलेला सिक्वेल कुठला? ‘लगे रहो मुन्नाभाई’, २००६. तिथे काय ठेवलं आणि काय फेकलं ते पाहण्यासारखं आहे. मुन्ना ठेवला, सर्किट ठेवला. मेडिकल कॉलेज फेकलं, पहिली नायिका फेकली, डॉ. अस्थाना फेकले. इतकंच काय, अस्थाना झालेले बोमन इराणी दुसऱ्यात लकी सिंग होऊन आले आणि एकाही प्रेक्षकाने तक्रार केली नाही. भरलेला तक्ता फाडून नवा कोरा कागद घेतला. नवं खोटं काय, तर गुंडाने इतिहासाचा प्रोफेसर असल्याचं सांगितलं. नवी अडचण काय, तर ते खोटं खरं करण्यासाठी वाचनालयात बसून गांधी वाचावा लागतो. पैशाची चणचण नसेल तर अक्कलेची चालते, अब्रूची चालते. चणचण पाहिजे एवढंच. नवा सिक्वेल लावल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत एवढंच शोधायचं: या लोकांना आज नेमकं काय कमी आहे, आणि ते कुणापासून लपवतायत? दोन्हींचं उत्तर मिळालं नाही तर घरच्यांना पोहे टाकायला सांगून उठायला हरकत नाही. वरून जिरावण, म्हणजे पोह्यांवरचा इंदुरी मसाला, भुरभुरलं की निदान ते तरी जमतात.

तारखेचाही वाटा आहे. पहिला ‘गोलमाल’ जुलैच्या पावसात आला, ‘धमाल’ सप्टेंबरात. त्यांच्याकडून कुणाला फारशी अपेक्षा नव्हती. पुढचे तिन्ही ‘गोलमाल’ दिवाळीत आले: २००८, २०१०, २०१७. दिवाळीची तारीख मिळाली की बजेट वाढतं, बजेट वाढलं की खर्च पडद्यावर दिसावा लागतो, आणि खर्च दिसायला जागा मोठी लागते. छोट्या खोलीत दिवाळीचा सिनेमा करतो म्हणणाऱ्याला निर्माता दारातच उभा करेल.

नाटकाला हा रोग त्या मानाने कमी होतो, आणि कारण अगदी व्यवहाराचं आहे. ‘सानंद’ या इंदूरच्या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या बोलावण्यावरून मुंबईचं नाटक इथे येतं तेव्हा सगळा सेट गाडीत घालून सहाशे किलोमीटरच्या आसपास आणायचा असतो. खंडवा रोडवरच्या विद्यापीठाच्या सभागृहात तो काही तासांत उभा करायचा, आणि वेगवेगळ्या गटांसाठी लागोपाठ पाच प्रयोग करून परत बांधायचा. तीन दारं, एक जिना, एक सोफा. बबन प्रभूंच्या ‘झोपी गेलेला जागा झाला’ला याहून जास्त लागलं नाही. ‘एका लग्नाची गोष्ट’ची ‘पुढची गोष्ट’ आली तीही घराच्या भिंतींतच. प्रशांत दामले आणि कविता मेढेकर तेच, फक्त वयाने वाढलेले. आणि लग्नात वय वाढलं की नवी अडचण आयती मिळते. नाटकवाल्याला लंडन दाखवायचं म्हटलं तरी एक पडदा फार तर बदलता येतो.

हाच खंडवा रोड पुढे एकशेतीस किलोमीटरवर किशोरकुमारच्या गावी जातो. इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात तो शिकला, आणि कँटीनवाल्याची त्याच्याकडे पाच रुपये बारा आणे उधारी राहिली होती असं इंदुरात अजून सांगतात. खरंखोटं तो कँटीनवाला जाणे. १९५८ च्या ‘चलती का नाम गाडी’त मात्र ही रक्कम पक्की आहे. तीन भावांचं गॅरेज, पावसाळी रात्र, मधुबालाची बंद पडलेली गाडी. किशोर ती दुरुस्त करतो आणि ती पैसे न देताच निघून जाते. नवे पैसे १९५७ च्या एप्रिलपासून सुरू झाले होते, म्हणजे आणे तेव्हाच मोडीत निघायला लागलेले. तरी पुढची सगळी गोष्ट त्या पाच रुपये बारा आण्यांवर चालते. वसुलीसाठी तो तिच्या मागे जातो, तिच्याच गाडीत झोपी जातो आणि गाडी त्याला तिच्या घरी घेऊन पोहोचते. सोळा वर्षांनी, १९७४ मध्ये, किशोरकुमारने स्वतः दिग्दर्शित करून नावाला नाव जुळवणारा ‘बढती का नाम दाढी’ काढला. त्यात दाढीवर इस्टेट ठरते. आख्खी इस्टेट! गॅरेजचं बिल कुठेच नाही.